सासऱ्यांचं डांबर

खापरं धुवायला मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी वाडीत खणायला आलेल्या त्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. घरची भांडी घासतो तशी काथ्या आणि राख घेऊन बसले, आणि अर्ध्या तासात टोपलीभर खापरं लख्ख करून उन्हात मांडली. बाई आल्या, टोपलीत डोकावल्या आणि कपाळाला हात लावून खालीच बसल्या.

"काकी, यांच्यावरची काजळीच तर आम्हाला हवी असते."

"मग आधी सांगायचं ना! काळं भांडं परक्याच्या हातात द्यायचं तर आम्हाला लाज वाटते."

माझ्याबरोबर धुवायला बसलेली सांडोर गावची मैत्रीण तोंडाला पदर लावून हसत होती. आम्ही दोघी मिळून वर्षानुवर्षं भाजी बाजारात नेलेली माणसं. ती म्हणाली, "माझ्या सुनेला दाखवायला पायजे गो हे. ती माझी धड भांडी फेकते, आणि ही बाई फुटकी जपते."

ती चूक हसण्यावारी गेली. दुसरी नाही गेली. ती सांगायलाच ही वही उघडली आहे. वहीसुद्धा त्या बाईंनीच दिलेली, "रोज काय केलं, काय सापडलं, ते तुमच्या शब्दांत लिहा," असं सांगून. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिते बोलते तसं.

आमची वाडी वटारजवळ. केळी, चार ओळी पानवेली, थोडी भाजी, आणि मध्ये बावखल. बाहेरच्या माणसाला बावखल म्हटलं की कळत नाही. ते विहीर नाही, तळंही नाही. आमच्या वाडवडलांनी वाडीत हातांनी खणलेला मोठा खड्डा, चारी बाजूंनी उतरता. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळ्यापर्यंत झाडांना पुरतं. समुद्र इतका जवळ आहे आमच्या, की बावखल नसेल तर विहिरीला खारट चव यायला वेळ लागत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला देव्हारा दाखवायच्या आधी बावखल दाखवलं होतं.

पुढे दोन भावांच्या वाटण्या झाल्या. तोंडीच. समुद्राकडची बाजू माझ्या नवऱ्याकडे आली, रस्त्याकडची दिरांकडे. बावखल दिरांच्या बाजूला पडलं. सासरे म्हणाले, जमीन याची-त्याची, पाणी दोघांचं. कागदावर कोणी काही लिहिलं नाही. कशाला लिहायचं, घरातल्या घरात?

बाई आल्या त्या एका थंडीत. त्याआधी मी नारळाचं रोप लावायला बावखलाकाठच्या उंचवट्यावर, म्हणजे माझ्या हद्दीत, खड्डा घेतला होता, तर मातीपेक्षा खापरंच जास्त. शाळेतल्या गुरुजींनी ती पाहिली, त्यांनी कुणाला तरी कळवलं, आणि एक दिवस ही तिशीतली मुलगी पाच-सहा विद्यार्थी घेऊन दारात उभी. जुन्या काळचं शोधून काढणारी माणसं. मला वाटलं, आता हातात सरकारी कागद देतील आणि कुदळ मारतील. तसं काही नाही. ओटीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात तरच खणू. आणि जे निघेल ते आधी तुम्हाला दाखवू."

ही त्यांची रीतच होती. एकदा येऊन खणून पळायचं नाही. दर थंडीला यायचं, त्याच गावात, त्याच घरांत. चहा पितात ती घरं कोणती, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं त्यांना ठाऊक. हंगाम संपताना आंब्याखाली चादर अंथरून त्या वर्षीचं सगळं मांडायचे, आणि ज्याला जे विचारायचं ते विचारू द्यायचे. सगळ्यांचा होकार असल्याशिवाय पुढच्या वर्षीचा खड्डा ठरायचा नाही. माझे दीर म्हणायचे, "ग्रामसभेला एवढी माणसं नाही जमत वहिनी, जेवढी तुमच्या मडक्यांना जमतात."

पहिल्या वर्षी मी बाईंना अहोजाहो करत असे. दुसऱ्या वर्षी तिला डेंग्यू झाला, नऊ दिवस माझ्या माजघरात पडून होती. पेज पाजली, अंग पुसलं, रडली तेव्हा तिची वेणी घातली. तेव्हापासून मी तिला अगंतुगं करायला लागले. तिची आई फोनवर मला "ताई" म्हणायला लागली.

पण मी सांगत होते त्या दुसऱ्या चुकीची गोष्ट.

पहिल्याच वर्षी तिने एक छापील कागद भरून घेतला होता. त्यात एक रकाना होता, या जागेत आजवर काय काय झालं. तिने वाचून दाखवलं आणि विचारलं, "काकी, इथे कधी काही बांधलं, पाडलं, हलवलं, आणून टाकलं? आठवून सांगा."

मी आठवलं. खरंच आठवलं, टाळलं नाही. म्हटलं, "नाही हो. सासऱ्यांच्या वेळेपासून आहे तशी आहे. इथे काहीएक झालेलं नाही."

तिने लिहिलं, काही नाही. मी खाली सही केली.

चार थंड्या ती माणसं त्या उंचवट्यात उतरत गेली. इतकं हळू, की मला पाहून कंटाळा यायचा. सुपारी कातरावी तशी माती कातरायची, ब्रशाने झाडायचं, एकेका थराचं खापर वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. मी आणि माझी मैत्रीण धुवायला. आता काजळीला हात न लावता, नुसत्या पाण्यात, मऊ ब्रशाने, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसं. बाई मला शिकवायची आणि मी तिला. हे खापर कशाचं, हे तिला पुस्तकातून कळायचं आणि मला हातातून. "हे पसरट आहे ना, हे तव्याचं नाही, हे झाकणाचं. बघ, कडा आतून झिजलीय." ती लिहून घ्यायची. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. घरात माझं बोलणं इतकं लिहून घेण्यासारखं आजवर कोणाला वाटलं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती मात्र मी कोणाला बोलले नव्हते. दिरांच्या मनात रस्त्याकडची बाजू इमारतीला द्यायचं घोळत होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. गुडघे गेलेले, केळीवर रोग पडलेला, दोन्ही मुलगे नोकरीत आणि चंदनसारला फ्लॅटमध्ये. वाडीत उतरायला कोणी नाही. पण इमारत म्हणजे आधी बावखल बुजणार. आणि बावखल बुजलं की माझी वाडी दोन उन्हाळे काढणार नाही. मी कुणाला अडवणार? माझा मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, काकांच्या जमिनीचं काका बघतील, तू त्यात पडू नकोस."

एकदा मी बाईला सहज विचारलं, "हे जुनं आहे असं ठरलं, तर काय होतं गं?"

ती म्हणाली, "खूप जुनी वस्ती होती असं सिद्ध झालं, तर अर्ज करता येतो. मग आजूबाजूला भराव, बांधकाम सहजासहजी करता येत नाही."

"आजूबाजूला म्हणजे बावखलसुद्धा?"

"बावखल तर काठालाच आहे, काकी."

त्या दिवसापासून मी खापरं धुता धुता मनात म्हणायची, बाबांनो, जुनी निघा. जितकं जुनं निघता येईल तितकं निघा.

चौथ्या थंडीच्या शेवटी आंब्याखाली चादर अंथरली. त्या वर्षी बाई नुसती फुलली होती. सगळ्यात शेवटी तिने कापसात ठेवलेली एक वस्तू काढली. मडक्याचा गळा. गळ्याभोवती खोल खाच, आणि खाचेत काळं काहीतरी चिकटलेलं.

"हा सगळ्यात खालच्या थरातून आलाय," ती म्हणाली. "ही खाच दोरी बांधायला आहे. म्हणजे हे रहाटाचं गाडगं. म्हणजे फार जुन्या काळीसुद्धा इथे रहाटावर पाणी काढून बागायत होत होती. आणि हे काळं आहे ना, हे डांबरासारखं दिसतंय. पूर्वी ते समुद्रापलीकडून, जहाजांतून यायचं. तपासायला पाठवणार आहे. हे जर तसंच निघालं, तर या जागेसाठी अर्ज करायला याच्याइतकं चांगलं काही नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीर मान खाली घालून चपलेने माती उकरत होते. माझी मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "तुझी वाडी तर मोठी निघाली गो!" मी हसले. म्हणजे तोंड हसलं असावं.

कारण तो गळा मी ओळखला होता. माणूस ओळखावं तसा. मी नवी नवरी होते तेव्हा आमच्या बावखलावर रहाट होता आणि त्याला मातीची गाडगी बांधलेली असायची. वर्षाकाठी कितीतरी फुटायची. नवीन आणायला सासऱ्यांच्या जिवावर यायचं. जरा तडकलेलं असेल तर ते त्याच्या गळ्याला डांबर फासायचे. कोळीवाड्यात होड्यांना लावायचं डांबर, तिथल्या एका दोस्ताकडून आणलेलं. अंगठ्याने फासायचे, त्यामुळे पट्टा एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ. त्या गळ्यावरचा पट्टा एका बाजूला जाड होता आणि दुसरीकडे पातळ.

मग माझ्या सासऱ्यांचं गाडगं सगळ्यात खालच्या थरात गेलं कसं? हे मला तिथेच, आंब्याखाली उभ्या उभ्या कळलं.

गाळ.

दर वैशाखात बावखलाचं पाणी तळाला जायचं आणि आम्ही गाळ काढायचो. सगळं घर. पुरुष चिखलात उतरून फावड्याने भरायचे, आम्ही बायका डोक्यावर टोपल्या घेऊन वर. तळात मरळ मासे तडफडायचे, चिंबोऱ्या टोपलीतून निसटून मानेवर यायच्या, एकच आरडाओरडा. त्या दिवशी घरोघर कालवण. गाळ म्हणजे आमचं खत. काही केळीला, काही पानवेलीला, आणि उरलेला सगळा त्या उंचवट्यावर, कारण तो काठ पावसात दरवर्षी खचायचा. टाकायचा, पायांनी चोपायचा. पुढच्या वर्षी त्यावर आणखी. मी स्वतः किती टोपल्या टाकल्या असतील तिथे! त्या गाळात फुटकी गाडगी असायची, आणि त्याच्याहून जुनं, तळाशी दबलेलं काय काय असेल तेही. माझ्या नवऱ्याने शेवटचा गाळ काढला तो जायच्या आधी तीन वर्षं. मग पंप आले, माणसं मिळेनाशी झाली, थांबलं.

म्हणजे ती पोर चार वर्षं जो खणत होती, तो उंचवटा आम्हीच केलेला. जुनी वस्ती नव्हे. आमच्या टोपल्या.

आणि मला विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, इथे काहीएक झालेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, इतकी मोठी गोष्ट विसरली कशी? विसरले नव्हते हो. केर काढला, सडा घातला, गाळ काढला. ते काय "झालं" म्हणून सांगायचं असतं? दरवर्षी जे करतो ते कोणी सांगतं का?

आठ दिवस मी गप्प होते. बोलले नाही तर बावखल वाचत होतं. कोणाचं काय बिघडत होतं? डांबर तपासायला जाईल, काय निघायचं ते निघेल. मनाशी म्हणायची, जाणती माणसं आहेत, त्यांचं त्यांना कळेल. कळलं नाही तर देवाची इच्छा. स्वयंपाक करताना मीठ दोनदा पडायचं.

आठव्या दिवशी ती कागद घेऊन ओट्यावर आली. "काकी, आम्ही जे लिहितोय त्यात तुमचं नाव घालायचंय. नुसते आभार नाही. बरोबरीने काम केलं म्हणून. चालेल ना? नाव नीट लिहिलंय का बघा."

मी माझं नाव पाहिलं. रेशनकार्ड, मतदानाची चिठ्ठी आणि सातबारा सोडून माझं नाव कुठे छापलेलं मी पाहिलं नव्हतं.

उठले. पडवीत खुंटीला एक गाडगं टांगलेलं असतं, त्यात मी भोपळ्याचं बी ठेवते. बी सुपात ओतलं आणि ते गाडगं तिच्या मांडीवर ठेवलं. रहाटाचं शेवटचं उरलेलं. गळ्याला डांबर, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ.

तिने बोटाने पट्टा चाचपला. मग हसली. हसता हसता थांबली.

"हे कोणी लावलं?"

"सासऱ्यांनी. समुद्रापलीकडून नाही गं, कोळीवाड्यातून."

मग मी गाळाचं सगळं सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं ना काकी, इथे काय काय झालं?"

"विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, काही नाही."

"काही झालंच नव्हतं. गाळ काढला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या सुपातलं बी हाताने एका बाजूला करत राहिली. मग तिची मान एकदम वर आली. "पण काकी, खालची बाकीची खापरं, ती तर तुमच्या सासऱ्यांची नाहीत. ती खरंच जुनी आहेत. ती गाळातून आली असतील तर..." ती उठूनच उभी राहिली. "तर ती बावखलातून आली. आणि तुम्ही तळापर्यंत कधीच गेला नसाल!"

"तळ कोणी उकरत नाही. उकरला तर पाणी झिरपून जातं."

"म्हणजे खाली अजून असेल. जागच्या जागी."

त्या पोरीचे डोळे असे चमकले की मलाही क्षणभर वाटलं, चुकीतून बरंच झालं की काय. ती म्हणाली, "पुढच्या थंडीत काठाकडून एक छोटा भाग कोरडा करून बघू. आत्ताच जाते, काकांना विचारून येते."

मी तिचा हात धरला. "त्यांना आत्ता नको विचारू. थोडं थांब. मी बोलते वेळ बघून."

"काकी, जागा त्यांची आहे. त्यांच्यापासून लपवून ठेवायचं, तर मग इतकी वर्षं आंब्याखाली कशाला बसलो आपण?"

तिचंच खरं होतं. मी तिच्यामागून गेले.

दिरांनी खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझे दीर शिकलेले नाहीत, पण प्रश्न वकिलाचे विचारतात.

"म्हणजे वहिनींच्या भागातला तो खड्डा आता काही कामाचा नाही?"

"अर्ज करण्यासाठी, नाही," ती म्हणाली.

"आणि आमच्या बावखलात काय सापडलं तर?"

मी तिच्याकडे बघत होते. एक शब्द इकडेतिकडे केला असता तर चाललं असतं. तिने नाही केला. "सापडलं तर जागा जपावी लागेल, काका. मग तिथे भराव घालता येणार नाही. हे आधी सांगणं माझं काम आहे. तुम्ही विचार करा, घरात बोला. नाही म्हणालात तर आम्ही हात लावणार नाही."

"बघू. पोरांना विचारतो," दीर म्हणाले. तिला एसटी स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडायलाही तेच गेले, बरोबर केळ्यांची फणी देऊन.

वैशाखात डंपर आले. बरोबर गाळ काढायच्या दिवसांत. पाणी तळाला गेलेलं, तेव्हाच बुजवायला सोपं. सकाळचे दहा वाजले असतील, मी पानवेलीची पानं मोडत होते. आवाज आला म्हणून गेले तर एक डंपर मागे मागे येत काठाला लागलेला, आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, विटा, फरशांचे तुकडे, सिमेंट, सगळं धाडकन बावखलात. पाणी उडालं ते माझ्या पायांवर आलं.

मी डंपरपुढे उभी राहिले. ड्रायव्हर खाली उतरला, बिचारा हात जोडून म्हणाला, "माँजी, साइड हो जाइए. हम तो बस गाडी खाली करते हैं." त्याच्याशी काय भांडणार? दीर खुर्ची टाकून कडुनिंबाखाली बसले होते.

"भावजी, पाणी दोघांचं आहे. मामंजी सांगून गेले होते."

"वहिनी, बाबांनी रहाट पण ठेवला होता. कुठे आहे?" ते चिडून बोलत नव्हते, समजावल्यासारखं बोलत होते. "मी दोन वर्षं थांबलो असतो. खरं सांगतो. वाटलं होतं, तुमच्या डोळ्यांदेखत नको. पण ती मुलगी येऊन सांगून गेली ना, की सापडलं तर मग कधीच नाही. आता मी काय करू, सांगा. माझ्या मुलांना काय सांगू?"

तुम्हीच सांगा, काय सांगायला हवं होतं?

तलाठ्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने सातबारा काढून दाखवला. त्यात बावखलाची नोंदच नाही. जमीन आहे, आंबे आहेत, नारळ आहेत, पाणी नाही. "आजी, कागदावर जे नाही ते बुजवलं कसं म्हणायचं?" पुण्याला परतलेल्या बाईला फोन लावला. ती काही बोलायच्या आधीच रडायला लागली, म्हणून मलाच तिची समजूत घालावी लागली. तिने अर्ज केले, पत्रं पाठवली. पत्रांना पोहोच आली. डंपर रोज येत होते.

तिसऱ्या दिवशी माझी मैत्रीण सांडोरहून आली. काठावर उभी राहिली, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "गोडं पानी होतं गो." मग पदर खोचला. "चल. मिळेल तेवढं काढू." दुपारी डंपरवाले जेवायला बसले की आम्ही दोन म्हाताऱ्या उरलेल्या कोपऱ्यात उतरायचो. रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या घरात, त्यांत गाळ भरला. सात बादल्या भरल्या. बाईने शिकवलं होतं तसं प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. कुठला कोपरा, काठापासून किती पावलं, माझ्या कोपरापर्यंत की खांद्यापर्यंत हात आत गेला. टोपल्या डोक्यावर घेतल्याची सवय होती, पण आता मान धरत नव्हती. चिंबोरी एकही निघाली नाही.

आठवड्याने तिथे सपाट जमीन होती. पावसात त्यावर गवतसुद्धा उगवलं नाही. विटांत काय उगवणार?

थंडी आली आणि बाई आली, या खेपेला एकटीच. भरलेल्या जागेवरून चालत गेली, टोकापर्यंत, आणि तशीच चालत परत आली. मी पडवीत सातही बादल्या ओळीने मांडल्या होत्या. तिने चिठ्ठ्या वाचल्या. "कोपरापर्यंत हात" वाचून तिला हसू आलं, आणि मग तिने तोंड फिरवलं.

"उपयोग होईल ना?" मी विचारलं.

खोटं बोलता येत नाही त्या मुलीला, हा तिचा मोठाच दोष आहे. "फार नाही होणार, काकी. खालून एकेक थर जागच्या जागी दिसायला हवा होता. हे सगळं कालवलंय. पण धुवू आपण."

धुतलं. आम्ही तिघी बसलो. पाचव्या बादलीत एक खापर निघालं, पातळ, काळं, हात लावला की रेशमासारखं. तिने ते उन्हाकडे धरलं. मी विचारलं, "जुनं?" ती म्हणाली, "खूप." आणि कापसात ठेवलं. कशावर ठेवलेलं होतं, कशाच्या शेजारी, कोणाच्या घरातलं, ते आता कोणाला सांगता येणार नाही.

जायच्या दिवशी तिने तोच छापील कागद काढला, नवा कोरा. या जागेत आजवर काय काय झालं. म्हणाली, "पहिला चुकलाय. परत भरू."

या खेपेला मी काही सोडलं नाही. रहाट सांगितला, गाडगी, डांबर, कोळीवाड्यातला दोस्त. कोणत्या वैशाखात कोणत्या बाजूचा गाळ, टोपल्या कुठे पडायच्या, मरळ कोणाच्या वाटणीला जायची. पाण्याची वाटणीसुद्धा लिहवून घेतली. रकाना पुरला नाही, तिने मागे लिहिलं, मग जोडपानं लावली. दीर कुंपणापलीकडून जात होते, त्यांनी विचारलं, "वहिनी, मुलगी जेवून जाणार ना? कोळंबी आणलीय, पाठवू?" मी म्हटलं, पाठवा.

शेवटी तिने लिहिलं, वैशाखात भराव घालून बावखल बुजवलं. पेन थांबलं. "खाली कारण विचारलंय."

"लिही," मी म्हटलं. "मी सांगितलं म्हणून."

"नाही काकी. मी जाऊन विचारलं म्हणून."

"मी गप्प बसले असते तर तू विचारायला गेलीच नसतीस."

"मी थांबले असते तर? तुम्ही थांब म्हणाला होतात."

माझी मैत्रीण भांडी आवरत होती, ती म्हणाली, "काय हो, कोनाला बक्षीस मिळायचंय?"

कारणाचा रकाना तसाच कोरा राहिला. मी खाली सही केली आणि कोळंबी निवडायला घेतली.